आवाजांच्या खोलीत आलिन

शेफिल्ड येईपर्यंत ग्लेनिस प्यूने सहलीत दाखवतील ती कला समजून घ्यायचा नाद सोडून दिला होता.

लिव्हरपूलमध्ये तिने प्रामाणिकपणे प्रयत्न केला होता. एका जुन्या गोदामाचं दालन केलेलं, त्यात छतापासून जाड दोर लोंबत होता आणि ज्याने त्याने तो एकदा ओढायचा होता. ग्लेनिसचं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली उचलण्यात गेलेलं. तिने दोराला असा हिसका दिला की मागची मंडळी सरकून उभी राहिली. झालं काहीच नाही.

“घंटा वाजली,” गाइडबाई म्हणाल्या. “नदीपलीकडच्या एका इमारतीत.”

“पण आपल्याला ऐकू नाही आली.”

“नाहीच येणार.”

“मग तिकडे ऐकायला कोण आहे?”

“हाच तर प्रश्न आहे!” गाइडबाई, फिनेला स्ट्रँग, डोळे मिटून म्हणाल्या. त्या ग्लासगोच्या, उंच, नारिंगी चष्म्याच्या, कलेच्या इतिहासातल्या डॉक्टर. ग्लेनिसने फार खोलातलं काही विचारलं असावं असा त्यांचा चेहरा झाला होता. ग्लेनिसला एवढंच हवं होतं, की तिकडे कोणी आहे की नाही.

मँचेस्टरला तर कालव्यावर ओणवी झालेली एक नवी इमारत बघायला सगळे अर्धा तास पावसात उभे होते. कोणी म्हणे धाडसी, कोणी म्हणे नम्र. एकच इमारत धाडसी आणि नम्र दोन्ही कशी, हे ग्लेनिसला उमगेना. ती आपली दार शोधत होती. त्या बाजूला दारच नव्हतं.

“तुला कळलंच पाहिजे असं नाही गं,” तिची नणंद बेरिल म्हणाली. “नुसतं बघ.”

“नुसतं बघायला मी काय कोंबडी आहे?”

ही सहल मुळात बेरिलची. बेरिल वेल्समधल्या रेक्सहॅमच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, बोलायला फटकळ. तिच्याबरोबर यायची होती ती मैत्रीण ऐनवेळी खुब्याच्या शस्त्रक्रियेला गेली, आणि बेरिलने भावजयीला उचललं. “घरात बसून आलिनच्या खुर्चीकडे बघत राहणार, त्यापेक्षा चल,” एवढंच म्हणाली. आलिन म्हणजे बेरिलचा भाऊ, ग्लेनिसचा नवरा. दुधाचा टँकर चालवायचा. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये बागेत वाफे खणता खणता बसला तो उठलाच नाही.

शेफिल्डच्या गॅलरीत फिनेलाबाईंनी सगळ्यांना एका अंधाऱ्या दालनाच्या तोंडाशी थांबवलं.

“दुपारी आपण हॅरो बँकला जाणार आहोत. टेकडीवरची ती लांबलचक वसाहत. नगरपालिकेने पोलाद कामगारांसाठी बांधली, मग तीच पाडायला निघाली, आणि आता नवी करून घेतली. नवी करताना जुनी दारं काढली, ती या कलावंताने मागून आणली. आत जा. पत्राच्या फटीला कान लावा. तिथे राहणारे लोक बोलतायत.”

आत खरोखरच दारं टांगलेली होती. निळी, लाल, पिवळी. भिंत नाही, चौकट नाही, तारेवर अधांतरी. प्रत्येक दारात पत्र टाकायची पितळी फट, आणि फटीतून कुजबुज. माणसं वाकून वाकून ऐकत होती. दुसऱ्याच्या घरात चोरून ऐकल्यासारखं ते दिसत होतं. ग्लेनिसचे गुडघे वाकायला तयार नव्हते, म्हणून तिने जरा उंच टांगलेलं एक पिवळं दार निवडलं आणि कान लावला.

“हं… तर असं आहे बघा,” आलिन म्हणाला.

ग्लेनिसने दार धरलं. ते झोके घ्यायला लागलं.

“इथं आधी वाऱ्याशी ओळख करून घ्यावी लागते,” आलिन सांगत होता. तोच घोगरा, सावकाश आवाज, वाक्य सुरू करण्याआधी आत ओढलेला तोच श्वास. “वारा गॅलरीतून येतो आणि दारात थांबतो. मार्गरेट घाबरायची. म्हणायची, कोणीतरी उभं आहे बाहेर. मी म्हणायचो, झोप गं राणी, वाराच आहे. पण उठून बघायचो मात्र. दर वेळी बघायचो.”

मग खोकला. मग स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज. आणि पुन्हा पहिल्यापासून, “हं… तर असं आहे बघा.”

ग्लेनिस ऐकतच राहिली. आधी वाटलं, मी वेडी झाले. मग वाटलं, दोन वर्षं ऐकायला तरसलेला आवाज मिळालाय तर वेडी झाले म्हणून काय बिघडलं? आणि मग ते नाव हळूहळू डोक्यात शिरलं. मार्गरेट. राणी. आलिनने तिला जन्मात कधी राणी म्हटलं नव्हतं. आणि आलिन टँकर घेऊन दोन-दोन दिवस बाहेर असायचा.

“बेरिल,” तिने हाक मारली. हाक जरा मोठ्याने गेली. “बेरिल, इकडे ये.”

बेरिल आली, तिने कान लावला. अंधारात तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. पण तिचा हात ग्लेनिसच्या मनगटावर होता आणि तो एकदम घट्ट झाला.

“आलिन आहे,” ग्लेनिस म्हणाली.

“नाही.”

“मी पस्तीस वर्षं ऐकलाय तो आवाज.”

“कोणीतरी आपल्याकडचा माणूस असेल. आपल्याकडचे सगळे असेच बोलतात, नाकातून. चल, जेवायची वेळ झाली.”

आणि कलादालनातून कधी स्वतःहून न निघणारी बेरिल ग्लेनिसचा हात ओढत बाहेर पडली.

जेवायला गॅलरीच्याच उपाहारगृहात सूप आणि पाव होता. बेरिल पावाचे तुकडे करत होती, खात नव्हती. ग्लेनिसने दोनदा विचारलं, मार्गरेट कोण. दोन्ही वेळा बेरिल म्हणाली, मला काय माहीत.

“मग सरळच विचारते,” ग्लेनिस म्हणाली. “तुझ्या भावाचं इथे दुसरं घर होतं का?”

शेजारच्या टेबलावरचे ऑग्डेन, सहलीतले निवृत्त वकील, चमचा तोंडाशी धरून थांबले.

“हळू बोल गं बाई!”

“का हळू? विधवा होते ती गेल्या तासाभरात सवत झालेय, मला कळायला नको?”

बेरिलने चमचा खाली ठेवला. “तो आलिन नाही, ग्लेनिस. एमरिस आहे.”

एमरिस हा त्या दोघांचा थोरला भाऊ. ग्लेनिसने त्याला कधी पाहिलं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तो गेलेला होता. कॅनडात, कसल्याशा अपघातात. सासऱ्यांसमोर त्याचं नाव काढायचं नाही, असं आलिनने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. म्हातारा बाप, दुःख अजून ओलं आहे, असं ती समजली होती.

“एमरिस मेलाय.”

“नाही मेला. बाबांनी मारला. तोंडाने.” बेरिल पावाच्या तुकड्यांकडे बघत बोलत होती. “कोळसा खाणीचा तो मोठा संप आठवतो? तू तेव्हा अँगलसी बेटावर होतीस, तुमच्याकडे खाणी नाहीत. आमच्या घरातले तिघंही संपावर, बाबा, एमरिस, आलिन. बाबा तर युनियनचे. आणि त्या थंडीत एक दिवस सकाळी एमरिस उठला आणि कामावर गेला. पोलिसांच्या पहाऱ्यात, जाळ्या लावलेल्या बसमधून. बाबा फाटकाशीच उभे होते. त्यांनी बघितलं त्याला खिडकीत.”

“मग?”

“मग घरी आले आणि म्हणाले, एमरिस मेला. आम्हाला आधी कळेचना. आई तर खरंच रडायला लागली, तिला वाटलं खाणीत काही झालं. एमरिस आणि मार्गरेट महिन्याभरात गाव सोडून गेले. खिडक्या फोडल्या होत्या लोकांनी. कॅनडा नंतर कोणीतरी जोडलं, परक्यांना सांगायला.”

“परक्यांना,” ग्लेनिस म्हणाली.

“तसं नाही गं…”

“आणि आलिन? आलिनला माहीत होतं?”

“सगळ्यांनाच माहीत होतं.”

ग्लेनिसचं सूप गार झालं होतं. नवऱ्याची दुसरी बायको नव्हती, याचा सुस्कारा टाकावा, तर त्याच्या जागी हे उभं राहिलं होतं. पस्तीस वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाने आपल्याला जिवंत दीर मेला म्हणून सांगितलं. यातलं जास्त वाईट कोणतं, तिला ठरवता येईना. दुसरी बायको असती तर निदान आरडाओरडा करता आला असता.

“तू मुद्दाम ही सहल घेतलीस का? तो इथे आहे म्हणून?”

“शेफिल्डला आहे एवढं ऐकून होते. एवढं मोठं शहर. वाटलं, काय भेटतोय.” मग बेरिल म्हणाली, “माहीत नाही, ग्लेनिस. खरंच मलाच माहीत नाही.”

हॅरो बँकला बस चढावर थांबली तेव्हा बेरिल जागची हलली नाही. पाय दुखतो म्हणाली. फिनेलाबाईंनी छत्री उघडली, मंडळी त्यांच्यामागे निघाली, आणि ग्लेनिसही निघाली. काय करायचं हे तिने ठरवलं नव्हतं. बेरिलशेजारी बसवत नव्हतं, एवढंच.

इमारत टेकडीच्या कडेने वळत गेलेली होती. काँक्रीटच्या चौकटीत नव्या रंगाचे पत्रे बसवले होते. फिनेलाबाई प्रकाशाबद्दल, गॅलरीच्या रुंदीबद्दल बोलत होत्या. ग्लेनिसला वारा तेवढा कळला. तो खरोखरच गॅलरीतून येत होता आणि दारादारांत थांबत होता.

शेवटी रहिवाशांच्या सभागृहात चहा होता. लांब टेबलामागे वसाहतीतली चार-दोन म्हातारी माणसं कप मांडत होती. ग्लेनिस रांगेत उभी राहिली. रांग पुढे सरकली.

“हं… दूध घालू?”

तिने वर बघितलं. आलिन बुटका, गोल, टकला. हा माणूस उंच आणि वाळलेला होता, मोठ्या कानांचा, डोक्यावर पांढरे दाट केस. त्या चेहऱ्यात आलिन कुठेच नव्हता. आवाज नुसता कोणीतरी आत आणून ठेवलेला.

“दूध?” त्याने पुन्हा विचारलं.

“मी रेक्सहॅमहून आलेय,” ग्लेनिस म्हणाली. यापेक्षा बरं काही तिला सुचलं नाही. “मी आलिनची बायको. आलिन प्यू.”

त्याने किटली खाली ठेवली. फडकं घेतलं आणि कोरडं टेबल पुसायला लागला. पुसता पुसता विचारलं, “कसा आहे आलिन?”

यासाठी ती तयार नव्हती. तिला रागवायचं होतं, जाब विचारायचा होता. हे सांगायचं काम आपल्या गळ्यात पडेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

“गेला. दोन वर्षं झाली.”

फडकं थांबलं. टेबलामागच्या बाईने विचारलं, एमरिस, बरं आहे ना? तो म्हणाला, हो हो, जरा किटली सांभाळ. मग टेबलाला वळसा घालून आला आणि भिंतीजवळच्या खुर्चीत बसला. ग्लेनिस शेजारी बसली.

“मला कोणी कळवलं नाही,” तो म्हणाला.

“तुम्ही जिवंत आहात हे मला कोणी कळवलं नाही.”

यावर त्याला हसू आलं. आलिनसारखंच, श्वास आत ओढून. ग्लेनिसने मान दुसरीकडे वळवली.

“मार्गरेट?” तिने विचारलं.

“तिला जाऊन बारा वर्षं झाली. आता मी एकटा. वारा आहे सोबतीला.” मग तो म्हणाला, “विचारा की. सगळ्यांना तेच विचारायचं असतं. का गेलास कामावर.”

“का गेलात?”

“घरात कोळसा नव्हता. खाणवाल्याच्या घरात कोळसा नाही, आणि मार्गरेट थंडीने कुडकुडतेय. पण तो कोणाच्याच घरात नव्हता, मग ते कारण कसं म्हणायचं? चाळीस वर्षं शोधतोय मी. एका सकाळी पाय निघाले. एवढंच सापडलं. इथेही कोणाला सांगितलं नाही. या गावात संपफोड्याला चहासुद्धा वाटू देणार नाहीत.” त्याने टेबलाकडे एक नजर टाकली. “आलिन एकदा आला होता.”

“इथे?”

“तुमच्या संघाचा सामना होता इथे, फुटबॉलचा. लाल-पांढरा मफलर घालून दारात उभा. सामन्याला गेलाच नाही तो. आत आला, कोट काढला नाही, चहा प्यायला. मी बोलत होतो, तो बसला होता. मग म्हणाला, गाडीची वेळ झाली. गेला.”

ग्लेनिसला ती संध्याकाळ आठवली. आलिन स्वयंपाकघरात कोट घालून बसून राहिलेला. हरले का, तिने विचारलं होतं. हो म्हणाला होता. तिने त्याला चीज घालून पाव भाजून दिला होता, आणि हरण्याचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं म्हणून चिडवलंही होतं.

“त्या दिवशी हरले ना?”

“छे! जिंकले की. रेडिओवर सांगितलं.”

ग्लेनिसला एकदम रडू आलं, आणि ते कोणासाठी आहे हे तिला कळेना. आलिनसाठी, की स्वतःसाठी, की या उंच परक्या माणसासाठी, ज्याच्या तोंडातून तिचा नवरा बोलत होता. एमरिसने तिला फडकंच पुढे केलं. तिने त्यालाच डोळे पुसले.

“बेरिल बाहेर बसमध्ये आहे,” ती म्हणाली.

एमरिस उठला. टेबलाकडे गेला, एका कपात चहा ओतला, दोन चमचे साखर घातली आणि कप दोन्ही हातांत धरून बाहेर पडला. ग्लेनिस मागोमाग गेली. वाऱ्याने चहा हिंदकळत होता.

बसच्या दारात तो थांबला. बेरिलने त्याला खिडकीतून येताना बघितलं असणार, कारण ती पुढच्या आसनावर येऊन बसली होती, पर्स मांडीवर, पाठ ताठ.

“तुझे कान तेवढेच आहेत अजून,” ती म्हणाली.

“तुझं तोंडही.”

त्याने कप पुढे केला. बेरिलने घेतला. तिला साखरेचा आजार आहे, गेली कित्येक वर्षं ती साखरेला शिवलेली नाही, हे ग्लेनिसला माहीत होतं. ती काही बोलणार तेवढ्यात बेरिलने घोट घेतला, मग दुसरा.

“बाबांनी जाताना तुझं नाव घेतलं नाही,” बेरिल म्हणाली. “मी वाट बघत होते. म्हटलं, आता तरी घेतील. नाही घेतलं.”

“हं.”

“मीही नाही घेतलं. त्यांच्यानंतरही नाही. मला कोण अडवत होतं?”

एमरिस पायरीवर हात टेकून उभा होता. मंडळी परत यायला लागली होती, आणि दारात तो उभा असल्यामुळे बाहेर ताटकळत होती. ऑग्डेनांनी हे घड्याळ दाखवण्याजोगं प्रकरण नाही हे ओळखलं आणि सगळ्यांना घेऊन पुन्हा एकदा गॅलऱ्या बघायला गेले.

बेरिलने चहा संपवला. मग वरच्या फळीवरून आपली बॅग काढायला लागली.

“आपण इथेच राहू या, ग्लेनिस. दोन दिवस. तुझीही बॅग काढू?”

“नको.”

“नको म्हणजे?”

“तू राहा. मी जाते पुढे.”

“तुला तर काही कळत नाही या कलेतलं! तूच म्हणतेस.”

“नाहीच कळत,” ग्लेनिस म्हणाली. तिला सांगता येत नव्हतं. त्या भाऊ-बहिणींना एकमेकांशी भांडायचं होतं, ते भांडण चाळीस वर्षांचं होतं आणि त्यात तिची जागा नव्हती. शिवाय हा माणूस बोलायला लागला की ती ज्याच्यावर चिडली होती तोच बोलायचा. चिडावं की ऐकत राहावं? दोन्ही एकदम जमेना. तिने एमरिसशी हात मिळवला. तो काही म्हणणार होता, पण ती पटकन बसमध्ये चढली.

बस सुटल्यावर फिनेलाबाई शेजारच्या रिकाम्या जागेवर येऊन बसल्या. “कशी वाटली इमारत?”

“मी बघितलीच नाही हो,” ग्लेनिस म्हणाली. फिनेलाबाईंनी या वेळी डोळे मिटले नाहीत. पिशवीतून पेपरमिंटची पुडी काढली आणि तिच्यापुढे धरली.

लीड्समध्ये ग्लेनिस सगळ्यांबरोबर फिरली. काचेची भिंत बघितली, लोखंडी जाळ्यांचा ढीग बघितला. आलिनशी मनातल्या मनात भांडत होती. अरे, मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? तुझ्या बाबांना जाऊन सांगितलं असतं? नसतं. ती तिकडून काही उत्तर येतंय का बघायची. पण उत्तर आलिनच्या आवाजात यायचं, आणि तो आवाज आता एका उंच, मोठ्या कानांच्या माणसाच्या तोंडातून येत होता.

गेट्सहेडला, नदीकाठी, बेरिलचा फोन आला.

“भांडण झालं?” ग्लेनिसने विचारलं.

“चाललंय. मध्ये जेवायला थांबलोय.” बेरिलचा आवाज बसलेला होता, पण बरा होता. “हा बोलू का म्हणतोय तुझ्याशी. नको असेल तर नाही सांगते.”

ग्लेनिस काही म्हणायच्या आत पलीकडे श्वास ओढल्याचं ऐकू आलं. “हं… ग्लेनिस?”

फोनवर तर चेहराही नव्हता. निव्वळ आलिन.

“थांबा,” ती म्हणाली. “आलिनबद्दल नका बोलू. तुमच्या बाबांबद्दल नको, त्या संपाबद्दलही नको. दुसरं काहीतरी बोला.”

“काय बोलू?”

“काय जेवताय?”

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, “अंडी. आणि बटाटे. मी बटाट्यावर व्हिनेगर घालतो, तर बेरिल नाक मुरडतेय.”

आलिन व्हिनेगरला हात लावायचा नाही.

“अजून?”

“अजून काय… बेसिनचा पाइप तुंबलाय, तर दुपारी तो उघडणार आहे. खाली एक सोमाली बाई राहते, तिच्या मांजराला पिल्लं झालीत. चार. एक मला घे म्हणतेय. मला मांजरं आवडत नाहीत तशी. पण एक करडं आहे, तिरळं. तेच सारखं वर येतं.”

आलिनला मांजराने शिंका यायच्या. नदीवर वारा होता, फिनेलाबाई दूर हातवारे करून पूल दाखवत होत्या, आणि एमरिस तिरळ्या पिल्लाबद्दल सांगत होता: दूध कसं सांडतं, जिन्यात कसं अडकतं, मार्गरेट असती तर केव्हाच घेतलं असतं. आवाज तोच होता, घोगरा आणि सावकाश. पण हळूहळू तो शेफिल्डमध्ये राहणाऱ्या एका म्हाताऱ्याचा वाटायला लागला, ज्याला ती फारशी ओळखत नव्हती.

“मग घेताय का पिल्लू?” तिने विचारलं.

“विचार करतोय. तुम्ही काय म्हणता?”

“मला काय कळतंय त्यातलं,” ग्लेनिस म्हणाली. “पण घ्या.”